फ्लॅटमध्ये वाजवायला गिटार ॲम्प किती वॅटचा हवा?

परवा संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा मुलगा घरी आला. अकरावीत आहे. वर्षभर क्लासला जाऊन अकूस्टिक गिटार शिकला, आणि या सुट्टीत मामाने त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. मोबाईलवर चार ॲम्पचे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार जोडून ऐकायच्या डब्यांचे फोटो होते. "काका, दुकानदार म्हणतोय ४० वॅटचा घे, नाहीतर सहा महिन्यांत बदलावा लागेल. तुम्ही सांगा." मागोमाग त्याची आईही आली. तिचा प्रश्न निराळाच होता. "गिटार घेतली ती घेतली, आता तेवढ्याच पैशांचा हा डबा कशाला? घरात चांगलं होम थिएटर आहे की!"

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत, आणि ज्या घरात इलेक्ट्रिक गिटार येते त्या प्रत्येक घरात ते येतातच. त्या दिवशी तासभर बोलून मी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच एक खुलासा. हे सगळं इलेक्ट्रिक गिटारबद्दल आहे. तुमची गिटार पोकळ पेटीची असेल आणि तिला फक्त वायर जोडायची सोय असेल, जिला आपल्याकडे सरसकट 'सेमी अकूस्टिक' म्हणतात, तर तिचा ॲम्प वेगळा. तिला आहे तसा, स्वच्छ आवाज मोठा करणारा अकूस्टिक ॲम्प लागतो. इलेक्ट्रिकच्या ॲम्पवर ती कर्कश आणि कोंडल्यासारखी वाजते. आणि घरात वाजवायची असेल तर तिला बहुधा ॲम्प लागतच नाही, तिची पेटीच पुरते.

तारेपासून कानापर्यंत

इलेक्ट्रिक गिटार कशालाही न जोडता वाजवून बघा. अंग भरीव लाकडाचं, आत पोकळी नाही, त्यामुळे आवाज जेमतेम शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचतो. तारांच्या खाली जी पट्टी दिसते तिला पिकअप म्हणतात. तिच्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांमध्ये वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचंच हे तत्त्व. तिथे चाक फिरतं, इथे तार हलते. पण ही वीज फार क्षीण असते, बहुतेक वेळा एका व्होल्टच्याही आत. तिच्या जोरावर स्पीकरचा पडदा हलायचा नाही.

ॲम्प हे काम दोन टप्प्यांत करतो. पहिला टप्पा प्रीॲम्प: आलेली क्षीण वीज वाढवायची आणि तिला वळण द्यायचं, बास किती, ट्रेबल किती, आवाज स्वच्छ की फाटलेला. दुसरा टप्पा पॉवर ॲम्प: त्या घडवलेल्या आवाजाला स्पीकर ढकलण्याइतकी ताकद द्यायची. मग शेवटी स्पीकर.

आता महत्त्वाची गोष्ट. रेडिओचं किंवा होम थिएटरचं काम असतं आलेला आवाज जसाच्या तसा ऐकवणं. गिटार ॲम्पचं काम ते नव्हे. तो आवाज घडवतो. तंबोऱ्याचा भोपळा काढून टाकला तर उरते नुसती दांडी आणि चार तारा, त्याला कुणी तंबोरा म्हणणार नाही. म्हणून तर मिरजेचे कारागीर भोपळा निवडताना एवढे चोखंदळ असतात. ॲम्प हा इलेक्ट्रिक गिटारचा भोपळा आहे. गिटार घेतली तेव्हा अर्धंच वाद्य घरात आलं, उरलेलं अर्धं म्हणजे हा डबा.

मग होम थिएटरला जोडलं तर?

जोडता येतं, आवाजही येतो, पण तो ऐकून मूल हिरमुसतं आणि आपण गिटारला दोष देतो. कारणं दोन.

पहिलं कारण पिकअपचं. डायनॅमोवर एकाऐवजी तीन दिवे लावले की सगळेच मंद होतात. पिकअपचंही तसंच. तिच्यावर फार कमी भार टाकणारं यंत्र समोर असेल तरच ती मोकळी वाजते. गिटार ॲम्पचं इनपुट याच हिशोबाने केलेलं असतं. होम थिएटरचं नसतं, त्यामुळे भार वाढतो आणि आवाजातली चमक आधीच निघून जाते.

दुसरं कारण स्पीकरचं, आणि ते जास्त मोठं आहे. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही. तो त्याचा दोष नव्हे, गुण आहे. रॉक गाण्यात गिटारचा जो घोगरा, फाटका आवाज असतो त्यात अतितीव्र स्वरांचा प्रचंड कचरा तयार होतो, आणि हा स्पीकर तो गाळून टाकतो. चहाच्या गाळण्यासारखा. होम थिएटरमधला ट्वीटर, म्हणजे तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर, मात्र २०,००० हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने ऐकवतो. गाळणं काढलं की कपात चोथा येणारच. कढईत मोहरी तडतडावी तसा तो आवाज लागतो.

मधे डिजिटल इफेक्टचं यंत्र ठेवलं, ज्यात हे गाळणं सॉफ्टवेअरने केलेलं असतं, तर होम थिएटरही चालतं. पण मग तो पैसा लागतोच.

४० वॅट म्हणजे १० वॅटच्या चौपट आवाज?

नाही. ॲम्पच्या खरेदीत लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे.

वॅट म्हणजे पॉवर ॲम्प स्पीकरला जास्तीत जास्त किती ताकद देऊ शकतो त्याचं माप. पण आपला कान ताकद सरळ मोजत नाही. गणपतीत पथकाचा एक ढोल वाजतोय अशी कल्पना करा. त्याच्या शेजारी आणखी नऊ आले. ढोल दहापट झाले, पण कानाला आवाज दहापट वाटतो का? ढोबळमानाने दुप्पट वाटतो. ॲम्पलाही हाच नियम: ताकद दहापट केली की आवाज दुप्पट भासतो. म्हणजे १० वॅटच्या दुप्पट आवाज हवा तर १०० वॅट लागतील. १० आणि ४० यांच्यातला फरक ऐकू येईल एवढा असतो खरा, पण चौपटीच्या जवळपासही नसतो.

आवाज मोजायचं एकक डेसिबल. समोरासमोर साधं बोलणं साधारण ६० डेसिबल. आता गिटार ॲम्पकडे बघा. चांगल्या १२ इंची स्पीकरला फक्त १ वॅट दिला तर एक मीटर अंतरावर सुमारे ९७ डेसिबल आवाज होतो. स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाही मागे टाकणारा. छोटे स्पीकर जरा मंद असतात, तिथे ९० च्या आसपास धरा. म्हणजे खोलीत बसून, टीव्हीपेक्षा जरा मोठ्याने, ७० डेसिबलवर वाजवायचं तर छोट्या ॲम्पमधून किती ताकद खर्च होते? दर १० डेसिबल कमी म्हणजे ताकद दहावा भाग, म्हणून ९० वरून ७० वर येताना एका वॅटचा शंभरावा भाग.

पुन्हा वाचा, कारण मलाही पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. शंभरावा भाग. उरलेले ३९ वॅट आणि वरचे दशांश तुम्ही कपाटात ठेवायला विकत घेताय.

कायद्याचीही एक बाजू आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची, तुमच्या खोलीतल्या नव्हे, भिंतीपलीकडे आवाज बराच कमी होतो. तरी ९७ आणि ५५ हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की शेजारचे आजोबा बेल का वाजवतात ते कळतं.

मोठा घेऊन आवाज कमी ठेवला तर काय बिघडलं?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि मीही एके काळी असाच विचार केला होता. माझा पहिला ॲम्प ३० वॅटचा होता. दुकानदाराने 'पुढेमागे स्टेजवरही चालेल' म्हणून दिला. आम्ही तेव्हा वन बीएचकेमध्ये राहायचो. त्या ॲम्पचा नॉब शून्यावर असला की काही नाही, आणि सुईच्या टोकाएवढा फिरवला की एकदम खोली भरून आवाज. शून्य आणि एक यांच्या मधे कुठेतरी, केसाएवढ्या जागेत, माझी सगळी मैफल होती. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशने त्या जागी एक लाल ठिपका दिला. तो ठिपका सापडला की दिवस चांगला. चार वर्षं तो ॲम्प माझ्याकडे होता, आणि नॉब दोनच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही.

नॉबची ही अडचण स्वस्त, मोठ्या ॲम्पमध्ये नेहमीची. त्याहून खोल कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज कमी केला की कानाला सगळे स्वर सारखे कमी होत नाहीत, खर्ज आधी नाहीसा होतो, टोकाचे तीव्र स्वरही मंदावतात. त्यात मोठ्या स्पीकरचा जाड पडदा जरा हवा ढकलायला लागला की खुलतो. म्हणून दुकानात मोठ्याने ऐकलेला भारदस्त ॲम्प घरी आणून दबक्या आवाजात वाजवला की मध्येच बसल्यासारखा वाटतो. ॲम्प बिघडलेला नसतो.

घरासाठी बनवलेले ॲम्प हे ध्यानात घेऊनच बांधलेले असतात. यामाहाने २०११ मध्ये आणलेली टीएचआर ही मालिका तर त्याच एका कल्पनेवर उभी आहे: स्टेज विसरा, टेबलावर ठेवून बोलण्याएवढ्या आवाजात चांगलं वाजलं पाहिजे. ती मालिका महाग आहे, पण तिची कल्पना आज स्वस्त ॲम्पमध्येही उतरली आहे.

अपवाद सांगायला हवा. काही मोठ्या ॲम्पला ताकद कमी करायचं बटण असतं. बॉसच्या कटाना ५० वर ५० वॅट, २५ वॅट आणि अर्धा वॅट अशा तीन जागा आहेत. मित्रांबरोबर बँड करायचं खरंच ठरलं असेल, ड्रमवाला सापडला असेल, तर असा एक ॲम्प दोन्हीकडे चालतो. ड्रमबरोबर गिटार ऐकू येईल अशा आवाजात वाजवायला ३०-५० वॅट लागतात, त्यात वाद नाही. पण ड्रमवाला अजून सापडायचा असेल तर त्याच्यासाठी आत्ताच पैसे भरू नका.

तिखट आणि वाढप

ॲम्पवर दोन नॉब असतात, गेन आणि मास्टर. काहींवर दुसऱ्याला नुसतं व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. दोन्ही फिरवले की आवाज वाढतो, म्हणून नवशिका गोंधळतो. भाजीत तिखट किती घालायचं ते गेन. ताटात किती वाढायची ते मास्टर. झणझणीत भाजी चमचाभर वाढता येते, आणि अळणी भाजी पातेलंभर.

गिटारच्या भाषेत तिखट म्हणजे डिस्टॉर्शन, फाटलेपणा. प्रत्येक सर्किटला एक छत असतं, त्याच्यावर लहर जाऊ शकत नाही. पोटमाळ्यावर उंच माणूस चढला की त्याला मान वाकवावी लागते, तसा जोरात आलेल्या लहरीचा माथा त्या छताला लागून चेपला जातो. चेपलेली लहर म्हणजेच तो घोगरा आवाज. १९५०-६० च्या दशकांत गिटारवाले हा आवाज मिळवायला अख्खा ॲम्पच शिगेपर्यंत वाढवायचे, कारण तिखट आणि वाढप वेगळं करायची सोयच नव्हती. मास्टर आल्यावर ती झाली. प्रीॲम्पच्या पोटमाळ्यात लहर चेपायची, आणि मग मास्टरने हवी तेवढीच बाहेर सोडायची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी यातून एकच नियम निघतो आणि त्यात मी तडजोड करत नाही: गेन आणि मास्टर असे दोन वेगळे नॉब नसतील तर तो ॲम्प घेऊ नका, कितीही स्वस्त असो. नाहीतर रॉक वाजवायचं म्हणजे बिल्डिंग उठवायची.

व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, डिजिटल

इंटरनेटवर शोधायला लागलात की तासाभरात कुणीतरी सांगतं, "खरा आवाज व्हॉल्व्हचाच." व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओत, सुरू केल्यावर गरम व्हायला अर्धा मिनिट घेणाऱ्या त्या काचेच्या नळ्या. रेडिओतून त्या केव्हाच गेल्या, गिटार ॲम्पमध्ये राहिल्या. कारण खरं आहे: व्हॉल्व्ह लहरीचा माथा हळुवार चेपतो, आणि बोटाच्या जोराला फार सुरेख दाद देतो.

पण व्हॉल्व्हची जी कीर्ती आहे ती बरीचशी तो जोरात वाजत असतानाची. फेंडरचा चॅम्प जेमतेम ५ वॅटचा, तरी दहा बाय बाराच्या खोलीत तो पूर्ण वाढवून कुणी बसू शकणार नाही. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात, ॲम्प जड असतो, आणि आत ३००-४०० व्होल्टचा दाब खेळत असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात तो काही काळ टिकून राहतो, म्हणून असा ॲम्प घरी उघडायचा नाही. पहिला ॲम्प म्हणून घरात व्हॉल्व्ह नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रान्झिस्टरचे ॲम्प स्वस्त, हलके, न कुरकुरणारे. 'ट्रान्झिस्टर म्हणजे हलका माल' हा समज मनातून काढा. रोलंडचा जेसी-१२० हा ॲम्प १९७५ पासून जगभर स्टेजवर आहे, त्याच्या स्वच्छ आवाजाची आजही वाखाणणी होते, आणि त्यात एकही व्हॉल्व्ह नाही. मात्र स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पचं डिस्टॉर्शन बहुधा कोरडं, किरकिरं असतं. स्वच्छ आवाजात गाण्याचे कॉर्ड वाजवणाऱ्याला ते चालून जातं. मेटलवेड्या पोराला नाही.

तिसरा प्रकार मॉडेलिंग. आत छोटा संगणक असतो, तो वेगवेगळ्या नामांकित ॲम्प आणि स्पीकरची हुबेहूब नक्कल करतो. लाइन ६ या कंपनीने १९९६ मध्ये असा पहिला ॲम्प आणला. तेव्हाची नक्कल नक्कलच वाटायची, आता माझ्यासारख्याला डोळे मिटून फरक सांगणं कठीण जातं. आणि घरासाठी याचा खरा फायदा असा की शिगेला पोचलेल्या ॲम्पचा आवाज तो कुजबुजीत ऐकवतो.

"पण मग मुलगा वाजवण्यापेक्षा आवाजच बदलत बसेल," असं त्या आईने म्हटलंच. मीही हे होताना पाहिलं आहे. शंभर आवाजांच्या यादीत अर्धा तास जातो आणि स्केल राहून जाते. म्हणून नवशिक्याला मी पडदा आणि ॲपवाल्या ॲम्पपेक्षा पाच-सहा नॉबवाला, तीन-चार आवाजांचा ॲम्प सुचवतो.

किती पैशांत काय?

किमती सणासुदीला आणि डॉलरबरोबर हलतात, त्यामुळे ढोबळ अंदाजच देतो.

पाच-सहा हजारांच्या आत स्ट्रेंजर, पॅल्को यांसारखे देशी ॲम्प मिळतात. वॅट भरपूर, दुरुस्ती सोपी, पण कमी आवाजातलं देखणेपण बेताचं. गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माइकही लावता येतो, हा त्यांचा मोठा उपयोग आहे, आणि घरात तसा उपयोग असेल तर अवश्य घ्या. त्याच्या जरा वर बॅटरीवर चालणारे छोटे ॲम्प: ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ म्हणजे ३ वॅट, ३ इंची स्पीकर, बॅगेत मावतो. बॉसचा कटाना मिनी ७ वॅट आणि ४ इंची, तीन आवाज, मोजके नॉब. आकाराच्या मानाने हा फार गोड वाजतो आणि खोलीपुरता मला तो मनापासून आवडतो. एक काळजी: अशा छोट्या ॲम्पबरोबर बरेचदा अडॅप्टर येत नाही. घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. प्लस-मायनस उलटे असले तर ॲम्प जळू शकतो.

याच टप्प्यात फेंडरचा फ्रंटमन १०जी आणि मार्शलचा एमजी१० आहेत, दोन्ही १० वॅट, सहा-साडेसहा इंची स्पीकर, साधे ट्रान्झिस्टरवाले. नावासाठी थोडे पैसे जातात, पण दणकट असतात आणि विकताना चटकन गिऱ्हाईक मिळतं. आणखी वर गेलात, पंधरा-वीस हजारांपर्यंत, की फेंडर मस्टँग एलटी२५ सारखे ८ इंची स्पीकरचे मॉडेलिंग ॲम्प येतात. घरासाठी याच्यापुढे जायची गरज मला तरी वाटत नाही.

जुना घ्यायचा तर अवश्य घ्या, ॲम्प लवकर मरत नाहीत. फक्त प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका, वायर जॅकमध्ये हलवून आवाज तुटतो का बघा. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत जॅक गंजतात. गंजलेला जॅक बदलता येतो, फाटलेला स्पीकर महागात पडतो.

नुसते हेडफोन लावून भागेल का?

रात्री दहानंतर तोच मार्ग. म्हणून हेडफोनची जागा असलेला ॲम्पच बघा. वायर खोचली की स्पीकर आपोआप बंद होतो.

ब्लूटूथचे हेडफोन मात्र उपयोगाचे नाहीत. तार छेडल्यापासून कानात पोचेपर्यंत त्यांना एका सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. यालाच लेटन्सी म्हणतात. हवेत आवाज एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्या हिशोबाने दहावा भाग म्हणजे ३४ मीटर. गिटार तुमच्या हातात आणि तिचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून येतोय, अशा अवस्थेत कुणालाही ताल धरता येणार नाही. ॲम्पला असलेलं ब्लूटूथ मोबाईलवरचं गाणं लावून सोबत वाजवायला असतं. तिथे गाणं उशिरा आलं तरी बिघडत नाही, कारण वाजवणारा त्या गाण्याच्या मागोमागच जातो.

घरात लॅपटॉप आहे आणि मूल संगणकात रमणारं आहे, तर ॲम्पऐवजी ऑडिओ इंटरफेस म्हणजे गिटार आणि लॅपटॉप जोडणारी छोटी पेटी, तारेचे हेडफोन आणि मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर फार सुंदर आवाज मिळतो. पण दहा मिनिटं मोकळी मिळाली, गिटार उचलली आणि वाजवली, हे त्यात होत नाही. लॅपटॉप उघडा, अपडेट होऊ द्या, वायरी जोडा. सुरुवातीच्या वर्षात ती दहा-दहा मिनिटंच हाताला वळण लावतात, म्हणून मी आधी ॲम्प म्हणतो.

वीज, अर्थिंग आणि अमेरिकेहून आलेला ॲम्प

न्यू जर्सीचा मामेभाऊ येताना ॲम्प आणणार असेल तर आधी त्याला ॲम्पच्या मागचं लेबल वाचायला सांगा. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. नुसता प्लग बदलून लावला तर पहिल्याच मिनिटाला फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जाईल. वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो, त्यात वाचलेले पैसे संपतात. बॅटरी किंवा यूएसबीवाला छोटा ॲम्प मात्र खुशाल मागवा.

तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन कधीही काढू नका. जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंग नीट नसतं, आणि गिटारच्या तारा वायरमधून थेट ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते नेहमीचं आहे. पण बोटांना झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ॲम्प जमिनीवर, भिंतीला चिकटवून ठेवू नका. खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो, आणि तीव्र स्वर तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात. स्टुलावर जुनी सतरंजी घडी करून टाका, वर ॲम्प, तोंड आपल्या कानाकडे. एवढ्यानेच कमी आवाजात जास्त ऐकू येतं.

दुकानात गेल्यावर

त्या शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. मी मुलाला स्वतःची गिटार आणि वायर घेऊन यायला सांगितलं होतं, कारण दुकानातली महागडी गिटार कुठल्याही ॲम्पवर छान वाजते. विक्रेत्याने सवयीने ४० वॅटवाला लावला आणि नॉब पाचवर नेला. आवाज अर्थातच जोरदार. मी त्याला विनंती केली की एसीचा आणि आमच्या बोलण्याचा आवाज झाकणार नाही इतका कमी करा, आणि मग मुलाला त्याला येणारं एकच गाणं तीन ॲम्पवर वाजवायला लावलं. आधी स्वच्छ, मग गेन वाढवून.

४० वॅटवाला त्या आवाजात पार चपटा झाला. १० वॅटचा ट्रान्झिस्टरवाला स्वच्छ आवाजात चांगला, पण गेन वाढवल्यावर मुलाने नाक मुरडलं. तिसरा ७ वॅटचा छोटा डबा. त्यावर त्याने तेच गाणं दोनदा वाजवलं, मग न सांगता तिसऱ्यांदा. त्याची आई काउंटरला टेकून माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होती, आणि तिला एकदाही आवाज चढवावा लागला नाही. मधेच थांबून ती म्हणाली, "हे बरं वाजतंय की."

बिल करताना मी अडॅप्टर आणि तीन मीटरची चांगली शील्डवाली वायर त्यात घालायला लावली. काल रात्री साडेदहाला काही कारणाने त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगा पलंगावर हेडफोन लावून डोळे मिटून वाजवत होता, आणि खोलीत फक्त तारांवरची प्लेक्ट्रमची टिकटिक ऐकू येत होती.